दोष म्हणून लिहा

प्रियदर्शनी सकाळी साडेनऊला केंद्राचं कुलूप काढायची, संगणक लावायची, आणि चहाच्याही आधी सीमाचा रिपोर्ट सीमाच्या नावावर परत ठेवायची. असं अकरा दिवस चाललं होतं.

केंद्र म्हणजे अमरावतीतल्या एका संस्थेचं सिकलसेल तपासणी केंद्र. दोन खोल्या, एक यंत्र, एक फ्रिज. गावोगाव शिबिरं लागायची. रक्त काढायचं, नळीत भरायचं, नळीवर पट्टी चिकटवायची, पट्टीवर नमुना क्रमांक. रक्त निरोगी निघालं तर पांढरं कार्ड, आजार निघाला तर पिवळं. सगळी नोंद अकोल्याच्या एका छोट्या कंपनीनं बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जायची आणि संस्थेशी जोडलेल्या दवाखान्यांतले डॉक्टर तीच उघडून बघायचे. प्रियदर्शनी तिथली लॅब टेक्निशियन. कंत्राटावरची.

आणि सीमा म्हणजे तिच्याच वस्तीतली, चांदूर रेल्वेपासून नऊ किलोमीटर आत, शाळेला लागून घर असलेली सीमा सुगत तायडे. लहानपणी थंडी पडली की या पोरीच्या हाडांत कोणी जातं फिरवायचं. ती रडायची, आणि बाया म्हणायच्या, कामाचा कंटाळा आहे पोट्टीले. आता ती चोवीस वर्षांची होती, पोटात आठवा महिना होता. या हिवाळ्यात वस्तीच्या विहारात शिबिर लागलं तेव्हा प्रियदर्शनीनंच तिच्या दंडाला पट्टा बांधला, तिनंच सुई लावली, तिनंच ती नळी यंत्रात ठेवली. यंत्रानं सांगितलं, पिवळं. हाडांतल्या त्या जात्याला इतक्या वर्षांनी नाव मिळालं.

पण संगणक सांगायचा, पांढरं.

ती दुरुस्त करायची. दिवसभर पिवळं राहायचं. रात्री सॉफ्टवेअर आपली सफाई करायचं, आणि सकाळी सीमा पुन्हा पांढरी. कार्डावर तिनं हातानं लिहून दिलं होतं, तर दवाखान्यातल्या काउंटरवरच्या सिस्टर सीमाला म्हणाल्या, "बाई, संगणकावर नॉर्मल दिसते. हातानं लिवलेलं आमी कसं धरू?" सिकलच्या बाईचं बाळंतपण म्हणजे रक्ताची सोय आधी, मोठे डॉक्टर आधी, मग कळा. पांढऱ्या कार्डाच्या बाईसाठी यातलं काहीच कोणी करून ठेवत नाही. तारीख सहा-सात आठवड्यांवर आली होती.

तिनं कंपनीकडे तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "दुबार नोंद. वापरकर्त्याची चूक. तक्रार बंद." पुन्हा टाकली. "एकाच गावात एकाच नावाच्या, एकाच वडिलांच्या, एकाच तारखेला जन्मलेल्या दोन मुली असणे शक्य नाही. मोबाइल क्रमांकही एकच आहे. माहिती चुकीची भरली आहे. तक्रार बंद."

केंद्रप्रमुख सूर्यभान सरांनी ते वाचलं, चष्मा काढला. "बंद म्हणून राहिले तर बंद समजा, मॅडम. तुमचं कंत्राट मार्चमधी नवं होणार आहे. उगाच कंपनीशी काहून भांडता?"

"रक्त दोन आहेत सर. नळ्या दोन आहेत."

"ते तुमाले मालूम. संगणकाले थोडंच मालूम?"

रविवारी ती गावी गेली. डोमाजी आबा विहाराच्या पायरीवर बसले होते, शेजारी वस्तीतल्याच इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डोमाजी तिचे आजोबा. रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झालेले, शहात्तर वर्षांचे, पांढरं स्वच्छ धोतर. वस्तीतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा शाळेत गेलं ते याच माणसाचं बोट धरून. तिनं त्यांना सगळं सांगितलं. दोन सीमा. एक विहिरीजवळची, एक शाळेजवळची. दोघींच्या बापाचं नाव सुगत, थोरला आणि धाकटा, चुलतभाऊ. दोघी एकाच वर्षी पहिलीत गेल्या. आणि शिबिरात दोघींनी मोबाइल दिला तो डोमाजीचा, कारण पोरींचे नंबर दर सहा महिन्यांनी बदलतात, आणि सरकारी, खाजगी, कुठलाही निरोप वस्तीत येतो तो आबांच्या फोनवरच. तिनं स्वतःच तो नंबर लिहून घेतला होता.

"अन् तारीख, आबा. दोघीची चौदा एप्रिल."

"तुही बी चौदा एप्रिल," डोमाजी म्हणाले. "प्रीतमची बी. पिंकीची बी. आर्ध्या वस्तीची चौदा एप्रिल हाये."

वस्तीतल्या आयांना पोर कधी झालं ते ठाऊक असायचं, पण त्यांच्या हिशेबानं. ज्वारी निसवली तेव्हा. पुराच्या आदल्या दिवशी. बकरी व्याली त्या सकाळी. गुरुजींच्या रजिस्टरात बकरीला जागा नव्हती.

"गुरुजी म्हने, एक जून लिवून टाकू. सगळ्यायची मी तेच लिवतो." डोमाजींच्या डोळ्यांत अजून ती दुपार होती. "मी म्हनलं, गुरुजी, मनानंच लिवाची हाये तं आमच्या मनानं लिवा. बाबासाहेबाच्या जयंतीले आमचे लेकरं जलमले असं लिवा. लिवलं बुवानं. हासला, पन लिवलं."

इंदूबाईंचे हात शेंगांवर चालूच होते. त्यांनी मान न उचलता, बोलता बोलता बोलावं तशी ओवी म्हटली:

*पयली माही ओवी गं, शाळेच्या त्या दारात,*
*तारीख लिवली लेकीची, शाईच्या अक्षरात.*

डोमाजी पायरीच्या दगडाकडे बघत राहिले.

"म्हंजे माह्या तारखेनं पोरीचा घात केला काय वं?"

"नाई आबा. तारखेनं नाई."

तिनं ते ठामपणे म्हटलं. पण परतीच्या गाडीत खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा मागे जात होत्या आणि तिला कळत होतं की आपल्याला हे माहीत नाही. आपण फक्त तसं म्हटलं आहे.

सोमवारी तिनं अकोल्याला फोन लावला. कंपनीच्या मदत-क्रमांकावर निधी नावाची मुलगी असायची. आवाज थकलेला, पण खोटा नव्हता.

"ताई, खरं सांगू? नुसतं 'रिपोर्ट गायब होतो' असं लिहिलं की सर बंदच करतात. सॉफ्टवेअरमधला बग, म्हणजे दोष, तसा कळवत नाहीत. आम्हाला तो घडवून दाखवावा लागतो. पहिली पायरी, दुसरी पायरी, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. आणि लॉग जोडायचा."

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी. काय काय केलं ते ते स्वतःच ओळीओळीनं लिहून ठेवतं.

"मी लॅबवाली हावो. कोडवाली नाई."

"मग कोडवाल्याकडून लिहून घ्या," निधी म्हणाली, आणि आवाज खाली आणून पुढे, "आजकाल माणूसच लागतो असं नाही."

प्रशिक्षणाच्या वेळी कंपनीनं केंद्राला सॉफ्टवेअरची एक सरावाची प्रत दिली होती. खोटे रुग्ण भरायचे, हात बसवायचा, एवढ्यासाठी. ती जुन्या लॅपटॉपवर धूळ खात पडली होती. जेवणाच्या सुट्टीत प्रियदर्शनीनं डबा बाजूला सारला, त्या लॅपटॉपवर एक एआय कोडिंग सहायक घेतला, आणि त्याला सरावाच्या प्रतीचं फोल्डर दाखवलं. खऱ्या रुग्णांचा एकही कागद तिनं त्या लॅपटॉपवर ठेवला नव्हता. ते तिनं आधी दोनदा बघितलं.

मग वऱ्हाडीतच लिहिलं. दुसरी भाषा त्या क्षणी सुचली नाही.

"ह्या सॉफ्टवेअरमंधी एका बाईचा रिपोर्ट रोज रात्री गायब होते. काहून होते ते पाहून दे. कंपनीले बग कळवाचा हाये."

उत्तर आलं ते शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत, इस्त्री केलेलं. "दिनांकाच्या मांडणीत दोष असण्याची दाट शक्यता आहे. त्यानुसार अहवाल तयार करू का?"

"तू फोल्डर वाचलं काय?"

"अजून नाही. हा माझा अंदाज होता."

"मंग अंदाज नोको सांगू. अंदाज तं अकोलेवाले बी सांगून राहिले. वाच, अन् मंग बोल."

"बरोबर आहे. आधी वाचतो."

त्यानं वाचलं. आठ-दहा मिनिटं पडद्यावर फायलींची नावं सरकत राहिली. मग त्यानं एक जागा दाखवली. रात्रीच्या सफाईचा नियम तिथे होता. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, गाव, मोबाइल, या पाच गोष्टी जुळल्या की दोन नोंदी म्हणजे एकच माणूस. पहिली ठेवायची, नंतरची पुसायची. कोणाला विचारायचं नाही, कोणाला कळवायचं नाही.

"अन् नमुना क्रमांक?" तिनं विचारलं. "नळी वेगळी आहे तर?"

"नमुना क्रमांक या नियमात कुठेही तपासला जात नाही. दोन वेगळ्या नळ्या असल्या तरी नंतरचा अहवाल पुसला जाईल. हे मी वाचून सांगतो आहे. पण खात्री हवी असेल तर घडवून पाहू. रात्रीची वाट पाहण्याची गरज नाही, हीच सफाई एका आज्ञेने आत्ता चालवता येते."

तिनं खोटे रुग्ण भरायला घेतले. नावं कोणाची घ्यावीत? माणसांची घ्यायला मन होईना. तिनं नद्या घेतल्या. रुग्ण पूर्णा, वडील सातपुडा, गाव डोंगरगाव, तारीख चौदा एप्रिल. तीच पुन्हा: पूर्णा, सातपुडा, डोंगरगाव, चौदा एप्रिल. नळ्या दोन, क्रमांक दोन. एक रिपोर्ट पांढरा, एक पिवळा. सफाई चालवली. पिवळी पूर्णा गेली. रुग्णांच्या यादीत मागे ओरखडाही राहिला नाही.

आता तिनं तारीख बदलली. वर्धा, सातपुडा, नऊ ऑक्टोबर. दोनदा. नऊ ऑक्टोबरला कुठली जयंती नाही, कुठल्या गुरुजीचं रजिस्टर नाही. सफाई.

पिवळी वर्धा गेली.

पेढी, एकवीस डिसेंबर. गेली. चंद्रभागा, दोन ऑगस्ट. गेली. एका डोंगराच्या लेकी, कोणी उगवतीला वाहते, कोणी मावळतीला. आणि हे सॉफ्टवेअर प्रत्येकीला म्हणत होतं, तू नाहीसच.

प्रियदर्शनी खुर्चीत मागे टेकली. डबा गार झाला होता. तिनं डोमाजींना फोन लावला.

"आबा, तारखेचा दोष नाई. कोनतीबी टाकली तरी संगणक रिपोर्ट खाते."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. "बरं," डोमाजी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बरं झालं पाह्यलं."

सहायकानं अहवाल लिहिला. पायऱ्या, अपेक्षित काय, घडलं काय, लॉगच्या ओळी, नद्यांची यादी. नेटका. ती एकेक ओळ वाचत गेली आणि शेवटाकडे थांबली. तिथे लिहिलं होतं: *ग्रामीण भागात जन्मतारखा चुकीच्या भरल्या जात असल्यामुळे ही समस्या उद्भवत असावी. शक्य असल्यास कृपया विचार व्हावा.*

"हे ओळी काढ."

"काढल्या. कारण सांगाल का? पुढे काळजी घेता येईल."

"नऊ ऑक्टोबरले बी रिपोर्ट गेला. तू आपल्याच डोळ्यानं पाह्यला. मंग आमच्या तारखेचं नाव काहून घेतलं?"

"तुमचं खरं आहे. चाचण्यांत तसं काहीच दिसलं नाही. ती माझी समजूत होती, पुरावा नव्हता."

"अन् 'शक्य असल्यास' नोको. 'कृपया विचार व्हावा' बी नोको. लिव, नमुना क्रमांक वेगळा असताना रिपोर्ट पुसणं थांबवा. पुसलेले परत आणा. ज्यायचे पुसले त्यायले कळवा."

त्यानं तसंच लिहिलं. मग स्वतःहून एक गोष्ट सुचवली: किती लोकांचं असं झालं ते मोजणारी एक लहानशी आज्ञावली तो लिहून देईल. ती तिनं केंद्राच्या संगणकावर स्वतः चालवावी, नावं त्याला दाखवायची गरज नाही. यंत्राकडे नळ्यांची यादी असते, सॉफ्टवेअरकडे रिपोर्टची. ज्या नळीला रिपोर्ट नाही, ती हरवलेली.

तिनं ती सूर्यभान सरांच्या समोरच चालवली. अकरा हजार नळ्यांपैकी तेवीस. सर शिबिरांच्या वह्या घेऊन, खुर्ची ओढून जवळ बसले. नऊ जणांची चौदा एप्रिल. अकरा जणांची एक जून. तिघांची इतर. गावं दर्यापूरकडची, अचलपूरकडची, नांदगावकडची. आडनावं सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची. मोबाइल बहुतेक ठिकाणी त्या त्या गावच्या आशाताईचा. आणि त्या तेवीसांत दोघींचं रक्त पिवळं. त्यातली एक सीमा, जिचा रिपोर्ट त्या सकाळी तिनं मुद्दाम परत ठेवला नव्हता.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "पाठवा," एवढंच म्हणाले.

तिसरी तक्रार बंद झाली नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं: "उपयुक्त सूचनेबद्दल आभार. 'सुधारणा' या वर्गात नोंद केली आहे. जूनमधील पुढील आवृत्तीत विचार करू."

जून. सीमाचं बाळ तोवर पालथं पडायला लागलं असतं. किंवा.

तिनं ते उत्तर आणि सेवा-कराराच्या अटींचं पान सहायकासमोर ठेवलं. त्यानं एका कलमाकडे बोट दाखवलं, आणि तिनं ते कलम मूळ कागदावर स्वतः शोधून दोनदा वाचलं. नोंद 'दोष' या वर्गात असेल तर दुरुस्ती आठ दिवसांत आणि सर्व केंद्रांना लेखी सूचना. 'सुधारणा' असेल तर काहीच नाही, सोयीनं. तेवीस माणसं एका शब्दावर अडली होती.

बुधवारी तिनं रजा टाकली. डोमाजी चांदूरहून अकोल्याच्या गाडीत बसले, ती बडनेऱ्याला चढली.

"तुमी काहून आले आबा? पाय दुखतीन."

"माहा नंबर हाये नं त्याच्यात," डोमाजी म्हणाले. "माहा नंबर, माही तारीख. मले विचारल्याबिगर कोनी पुसते म्हंजे काय?"

कंपनी जुन्या शहरात होती, मोर्णा नदीच्या पलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली पितळ ठोकल्याचा आवाज, वर सहा संगणक. यशोधन, मालक, पस्तिशीचा. घरात तीन पिढ्या वकिली, हाच एक वेगळा निघालेला. त्यानं डोमाजींना पंख्याखालची खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"काका, तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात. ताई, तुमचा अहवाल मी वाचला. उत्तम आहे. कोणी लिहून दिला?"

"मी अन् एआयनं. नद्या माह्या, टायपिंग त्याचं."

कोपऱ्यातली निधी हसली आणि लगेच पडद्याकडे वळली.

"म्हणूनच सुधारणा म्हणून घेतला," यशोधन म्हणाला. "पण दोष म्हणता येणार नाही. रागावू नका, तारखा मनाच्या, मोबाइल एकच, नावं तीच. तुम्ही जे भरलंत तेच त्यानं दाखवलं."

"रक्त बी आमीच भरलं, बाप्पा," डोमाजी म्हणाले. "ते काहून नाई दाखवलं?"

यशोधन पडद्यावरच्या अहवालाकडे वळला.

"नाही, म्हणजे, जन्मतारीख खरी असती तर..."

"तर काय?" प्रियदर्शनीनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "हे नऊ ऑक्टोबर. हे एकवीस डिसेंबर. हे दोन ऑगस्ट. तुमी सांगा ती तारीख टाकते. एक तरी अशी सांगा का जिच्यावर रिपोर्ट वाचते."

तो लॅपटॉपवर तारखा वर-खाली सरकवत राहिला. ती पुढे बोलली.

"अन् मनाच्या तारखा म्हणता तं तेवीसातल्या अकरा एक जूनच्या हायेत. त्या आमच्या वस्तीच्या नाईत."

"सर," निधी पडद्याकडे बघतच म्हणाली, "आपल्या ऑफिसातल्या चिंतामणकाकांची पण कागदावर एक जूनच आहे. केक आपण मार्चमध्ये कापतो."

खाली कोणी तरी मोठं पातेलं ठोकत होतं. यशोधन कपाळ चोळत हसला, आणि हसू ओसरल्यावर खऱ्या आवाजात बोलला.

"ताई, खरं सांगतो. दोष लिहिला तर सगळ्या केंद्रांना पत्र जातं. सतरा केंद्रं आहेत. नाव जातं आमचं. मी दुरुस्ती आजच करतो, गुपचूप. तुमच्या त्या सीमाची नोंद आत्ता, तुमच्यासमोर पक्की करतो. शब्दावर कशाला अडता?"

तिला क्षणभर वाटलं, घ्यावं. सीमाचं होतंय ना. याच्यासाठीच तर आलो. तिनं डोमाजींकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते; हा निर्णय त्यांनी तिच्यावर सोडला होता, जसं शाळेच्या दारात बोट सोडायचे.

"अन् बाकीचे बावीस?"

"हळूहळू बघू."

"त्यायच्यात अजून एक पिवळी हाये. तिले कोन सांगन? तुमचं पत्र गेलं नाई तं तिच्या हातात पांढरंच कार्ड राह्यते. अन् बाकीच्या सोळा केंद्रात किती हायेत ते तं तुमाले बी मालूम नाई."

"ताई..."

"दोष म्हणून लिवा."

"उद्या मीटिंगमध्ये..."

"आज लिवा. मी बसून हावो." तिनं लॅपटॉप मिटला आणि हात त्यावर ठेवले. "माही रजा पाच वाजेपर्यंत हाये. आबा तं रिटायरच हायेत."

ते बसले. अकरा वाजले, साडेअकरा. यशोधन आत गेला, फोनवर बोलला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. डोमाजींनी पिशवीतून भाकरी काढली, निधीलाही अर्धी दिली, आणि तिनं ती संगणकासमोर बसून ठेच्यासोबत खाल्ली. कोणी आवाज चढवला नाही. खालचं ठोकणं तेवढं चालू होतं.

बाराच्या सुमाराला यशोधन बाहेर येऊन निधीच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"बदल."

"काय लिहू सर?"

"दोष. गंभीर." मग प्रियदर्शनीकडे न बघता, "सफाई बंद कर आधी. सगळीकडची. मग पुसलेले परत आण."

निधीची बोटं फिरली. प्रियदर्शनी तिच्या खांद्यावरून वाचत होती, एकेक अक्षर, आणि नोंद जतन झाल्याशिवाय ती तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिनं सीमाची नोंद उघडली. पिवळी. दोन सीमा, दोन ओळी, दोन क्रमांक. तिनं सीमाला चांदूरला फोन केला. सीमा दवाखान्याच्या रांगेतच उभी होती. ती काउंटरवर जाईपर्यंत प्रियदर्शनीनं फोन कानाशीच धरून ठेवला. पलीकडे सिस्टरचा आवाज आला, "अगं बाई, हे तं सिकल दाखवून राहिलं. थांब, डॉक्टरले बोलावते. रक्तगट काय तुहा?" आणि सीमा फोनमध्ये कुजबुजली, "दर्शुताई, सिस्टर उठून उभी राह्यली नं वं."

सूर्यभान सर म्हणाले, "कंपनीचं पत्र आठ दिवसांत येईल. मग आपण लोकांना रीतसर कळवू. तोवर थांबा."

"पत्र येऊ द्या सर," ती म्हणाली, आणि यादी समोर घेऊन बसली. बहुतेक नंबर आशाताईंचे. पहिला नंबर तिनं त्या दुसऱ्या पिवळ्या रक्ताच्या बाईचा निवडला. दर्यापूरकडचं एक गाव. आशाताईनं फोन नेऊन दिला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज, मग एका बाईचा.

"कोन?"

"ललिताबाई बोलता का? मी अमरावतीहून, तपासणी केंद्रातून. तुमचं रक्त घेतलं होतं, आठवते?"

"हाव. पांढरं कार्ड भेटलं मले. काई नाई म्हने."

"ते कार्ड तुमचं नाई ताई. तुमच्या नावाच्या दुसऱ्या बाईचं हाये. तुमचा रिपोर्ट आमच्या मशीननं पुसला होता, आता परत आणला. तुमाले सिकलसेल हाये. याच्यावर औषध हाये, घाबरू नका. पण तुमचे हातपाय दुखतात का?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"दुखतात," बाई म्हणाली. "लय दुखतात. लगन झाल्यापासून सांगून राह्यली. सासू म्हनते, काम आलं का हिचं नाटक सुरू. नवरा म्हनते, रिपोर्ट तं चांगला आला, मंग दुखते काय?" आवाज एकदम वर आला. "म्हंजे मी नाटक नोती करत?"

"नाई. तुमी नाटक नोत्या करत."

"हे लिवून द्याल काय? सही-शिक्क्यानं?"

"देते. उद्या या. मी इथीच हावो."

"उद्या नाई," ललिता म्हणाली. "आजच येतो. सासूले घेऊन येतो."